राजापासून सुटले ते बिशपच्या हाती सापडले

गावाकडच्या गटांवर सध्या एकच मुद्दा फिरतो आहे: ‘चर्चला सरकार हात लावत नाही, मग मंदिरंच सरकारच्या ताब्यात का? ती मुक्त करा.’ निदान महाराष्ट्रापुरतं यातलं पहिलं वाक्य चूक आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या व्याख्येत मंदिर, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी एकाच ओळीत येतात. पंढरपूर, शिर्डी, सिद्धिविनायक अशा मोजक्या देवस्थानांना वेगळे कायदे आहेत. पण मला त्याहून खटकतं ते गृहीतक, की सरकार बाजूला झालं की देवस्थान आपोआप भक्तांचं होईल.

असं मानणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या आल्टेनबर्गचा इतिहास वाचावा. सेंट लुईसहून आय-५५ महामार्गाने दक्षिणेला जेमतेम दोन तासांवर हे खेडं आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या सरकारी चर्चमधली बुद्धिवादी शिकवण नको म्हणून १८३८ च्या नोव्हेंबरात साडेसहाशेच्या वर लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे लोक पाच जहाजांतून निघाले. नेता होता ड्रेस्डेनचा पाळक (पास्टर) मार्टिन स्टेफान. पैसा एका सामाईक निधीत टाकलेला. ‘अमालिया’ हे जहाज समुद्रातच नाहीसं झालं. बाकीच्यांपैकी ‘ओल्बर्स’वरच्या लोकांनी जानेवारी १८३९ मध्ये भर समुद्रात स्टेफानला बिशप केलं, आणि फेब्रुवारीत, सेंट लुईसला पोचण्याआधीच, नदीतल्या बोटीवर त्याच्या आज्ञेत राहण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. पेरी काउंटीत सुमारे साडेचार हजार एकर जमीन घेतली गेली. लोक आजारी पडत होते आणि निधीतून बिशपचा झगा शिवला जात होता. मे महिन्यात पैशांची उधळपट्टी आणि बायकांशी गैरवर्तन, असे दोन्ही आरोप पुढे आले. ३० मे रोजी त्याला पदच्युत करून होडीतून मिसिसिपीपार इलिनॉयला सोडलं.

तिथे राजा नव्हता, सरकारी खातं नव्हतं, धर्मादाय आयुक्त नव्हता. आपल्याकडे मंदिरांसाठी मागताहेत ती मुक्ती या लोकांना पूर्ण मिळाली होती, आणि काही महिन्यांत खजिना एका माणसाच्या खिशात गेला.

पुढची दोन वर्षं जास्त मोलाची आहेत. बिशप गेला, मग आपले पाळक खरे पाळक आहेत का? आपण मंडळी, म्हणजे चर्चचा सभासद-समुदाय, तरी आहोत का? अ‍ॅडॉल्फ मार्बाख हा वकील ‘नाही’ म्हणत होता. एप्रिल १८४१ मध्ये आल्टेनबर्गला जाहीर वाद झाला. सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर या तरुण पाळकाने लुथरचाच आधार घेऊन मांडलं की जिथे देवाचं वचन आणि बाप्तिस्म्यासारखे संस्कार आहेत तिथे चर्च आहे, आणि पाळक नेमण्याचा अधिकार मंडळीचा आहे, बिशपचा नाही. मार्बाखने बरंचसं मान्य केलं. १८४७ मध्ये शिकागोला मिसुरी सिनड ही मंडळ्यांची संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या घटनेत मंडळीच्या स्वयंशासनाबाबत सिनड फक्त सल्लागार राहील, असं लिहिलं गेलं.

त्याचा रोजचा अर्थ असा. पाळक गेला की डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे सिनडच्या प्रादेशिक शाखेकडून, नावं येतात, मंडळीही सुचवते. मतदान सभासदांची सभा करते आणि लेखी बोलावणं पाठवते. बोलावलेल्या पाळकाने नकार दिला की पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेत चर्चला आयआरएस या करखात्याकडे वार्षिक विवरणपत्र भरावं लागत नाही, म्हणून राखण मंडळीनेच करायची: रविवारचं दान नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, खजिनदाराने मोजायला बसायचं नाही. बिघडतं ते इथेच. खेड्यात माणसं कमी उरतात, मोजणारा, भरणारा आणि वही लिहिणारा एकच होतो. किंवा दफनभूमीसाठी दिलेले पैसे छपराच्या दुरुस्तीत जातात. १९६९ पर्यंत या सिनडमध्ये बायकांना मत नव्हतं, काही मंडळ्यांत अजूनही नाही. त्याचं समर्थन मी करणार नाही.

आता पंढरपूर. मंदिर सरकारी समितीकडे देणारा १९७३ चा कायदा, मग बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचा दावा, २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. बडव्यांचे हक्क गेले ते योग्यच झालं. पण आधी बडवे, आता सरकारने नेमलेली समिती. पायी चालत येणाऱ्या वारकऱ्याला मत तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मुक्तीची मागणी करणाऱ्यांच्या मसुद्यात सभासदांची यादी कुठे असते? वार्षिक सभेची गणसंख्या, विश्वस्ताला काढण्याचं कलम? ‘भक्त’ म्हणजे कोण, हे लिहिल्याशिवाय देवस्थान भक्तांना देता येत नाही.

‘तिकडे परदेशात बसून शिकवू नका’ हे उत्तर मला पाठ आहे. आल्टेनबर्गच्या मंडळीत मला मत नाही, कारण मी त्यांच्यातला नाही, आणि त्यांचा नियम मला मान्य आहे. गावच्या देवळाला वर्गणी पाठवतो, तिची पावती येते, ताळेबंद मागितला की मी परदेशातला ठरतो. हे लागतं. तरी मी ताळेबंद मागतच राहणार, कारण ते देऊळ माझं आहे असं मला अजून वाटतं.