वचन फेकून मारण्याची योग्य पद्धत

तुमच्या चर्चच्या मंडळीतलं कोणी आयसीयूत आहे का? आणि घरचे बाहेर त्या लोखंडी खुर्च्यांवर बसलेत? वा, सेवेची संधी चालून आली म्हणायची. पण अशा वेळी काय बोलावं हे पुष्कळ लोकांना कळतच नाही, ते बिचारे नुसते येऊन बसतात आणि दोन तासांनी उठून जातात, बायबलचं वचन नाही, बोध नाही, काही नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितेय. अनुभव ताजा आहे. बाबांना स्ट्रोक आला, 19 दिवस हॉस्पिटल, त्यातले 11 आयसीयू. तेवढ्यात मला सांत्वनशास्त्राची पदवी मिळाली असं समजा.

सुरुवात सकाळी सहाच्या आत करा. फोनवर फोटो पाठवा, उगवता सूर्य, त्यावर वचन, खाली तुमचं नाव. आयसीयूबाहेर खिडकी नसते, त्यामुळे दिवस उगवला हे कळायला आम्हाला उपयोग होतो. शिवाय रात्रभर जागून फोन 4 टक्क्यांवर आलेला असतो आणि प्रत्येक टिंगला पोटात गोळा येतो की आतून बोलावलं की काय, तर तेवढीच झोप उडते, चांगलंच आहे, जागृत राहा असं प्रभूनेच सांगितलंय.

"कसे आहेत?" असं विचारा. उत्तर ऐकायची गरज नाही.

आता वचन कोणतं पाठवायचं? फार डोकं लावू नका, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11. नोकरी गेली, लग्न मोडलं, मेंदूत रक्ताची गुठळी झाली, सगळ्याला एकच मलम. "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." मला हे 14 जणांनी पाठवलं, एकाने दोनदा. फक्त एक काळजी घ्या, अकरावं वचन पाठवताना चुकूनही दहावं वाचू नका. कारण दहाव्यात लिहिलंय 70 वर्षं. हे पत्र आहे, यिर्मयाने यरुशलेमेतून बाबेलला पाठवलेलं, तिथल्या नबुखद्नेस्सर राजाने ज्यांना घरादारातून उचलून नेलं त्या लोकांना. आणि त्यांना तो काय सांगतोय, तर घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण लवकर काही सुटका नाही. म्हणजे ते पत्र ज्यांच्या हातात पडलं त्यातल्या बहुतेकांना परत जाणं दिसणारच नव्हतं, तिथेच मरायचं होतं, आणि तरी देव तुम्हाला विसरला नाही, असं ते वचन आहे. केवढं जड आहे ते! ते तुम्ही गुड मॉर्निंगसारखं वापरता! आणि त्याच्या आधीचा अध्याय तर मुळीच उघडू नका, तिथे हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे, त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दोन वर्षांत सगळं ठीक होणार, यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडून दाखवलं, टाळ्या पडल्या असतील, आज असता तर त्याचं स्वतःचं चॅनल असतं. तो त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. खोटा धीर दिला म्हणून. हे पण बायबलमध्येच आहे, याचा फोटो कोणी बनवत नाही.

असो. मी मार्गदर्शन करत होते.

(तसं वचन कापून वापरायची सोय आपल्याला फार उशिरा मिळाली. नव्या कराराला वचनांचे आजचे आकडे रॉबर्ट एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने 1551 साली घातले. प्रेषित पौलाला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं आपण फिलिप्पै 4:13 लिहितोय, "मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सगळं करू शकतो" ते, तो कैदेत बसून उपाशी राहायलाही शिकलो असं सांगत होता. ते पुढे जिमच्या टीशर्टवर येईल असं त्याला कसं वाटणार.)

देव झेपेल तेवढंच देतो, असं ठामपणे म्हणा. हे पवित्र शास्त्रात नाही, पण बोलताना आवाज असा लावा की आहे. कोणी विचारलंच तर 1 करिंथ 10:13 सांगा, तिथे विषय मोहाचा, परीक्षेचा आहे, आजाराचा नाही, पण तेवढं उघडून कोण बघतंय. फक्त समोरच्याला 2 करिंथ 1:8 आठवलं तर अडचण होईल, तिथे तोच पौल म्हणतो की आमच्या शक्तीपलीकडे भार पडला, जगायचीही आशा सोडली होती. झेपलं नाही त्याला. लिहून ठेवलंय त्याने.

हॉस्पिटलमध्ये प्रार्थना मोठ्याने करा. देवाला बेड नंबर सांगा, शुगर किती ते सांगा, काल जे डॉक्टर बोलले ते सांगा, कारण त्याला कळवलं नसेल. नर्स येऊन हळू बोला म्हणाली की तिच्यासाठीही प्रार्थना करा.

मग माझ्याजवळ सरकून, हळूच, "ताई, घरात काही कबूल करायचं राहिलंय का गं? कधी कधी असतं काहीतरी." हे एका काकांनी खरंच विचारलं. रात्रीचे नऊ वाजले होते, मी सकाळपासून तोंडही धुतलं नव्हतं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने. येशू म्हणाला, दोघांनीही नाही. योहान 9. काकांना तो अध्याय पाठ आहे, दर वर्षी पाठांतराचं बक्षीस काकाच देतात.

विश्वास कमी पडला असंही सुचवता येतं. त्रफिम या आपल्या सोबत्याला पौलाने मिलेत गावात आजारीच सोडलं होतं, पण त्रफिम काही आपल्या ग्रुपवर नाही.

हात जोडलेले तीन इमोजी टाकले की प्रार्थना केल्यासारखीच असते.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा भाग, साक्ष, म्हणजे देवाने आपलं कसं भलं केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. पेशंट घरी आला रे आला की लगेच साक्ष. बाबा आले घरी. उजवा हात चालत नाही, आणि बोलायला गेले तर एकच शब्द येतो, "हो". पाणी हवंय? हो. दुखतंय? हो. नाही दुखत ना? हो. तर मागच्या शनिवारी मंडळीतले सहा जण आले, पलंगाभोवती उभे राहिले आणि काकांनी विचारलं, "भाऊ, परमेश्वराने तुम्हाला पूर्ण बरं केलं ना?" बाबा म्हणाले, हो. हालेलुया! एकाने व्हिडिओ काढला. ते गेल्यावर मी बाबांना विचारलं, बाबा मी तुमची आई ना? हो म्हणाले. तो व्हिडिओ ग्रुपवर आहे, 60 जणांनी आमेन लिहिलंय.

आणि मला सांगितलं, रविवारी तू साक्ष दे. तीन मिनिटं. मी म्हटलं देते, पण मग सहा नंबरच्या बेडचंही सांगेन. तर काका म्हणाले, "ते नको गं. लोकांचा विश्वास खचतो."

सहा नंबरला एक मुलगा होता, एकोणीस वर्षांचा, गाडीवरून पडलेला. त्याची आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर. तिच्याकडे रबरबँड लावलेला नवा करार होता, पानं सुटत होती म्हणून. ती मोठ्याने प्रार्थना करायची नाही, नुसतं बोट ठेवून ओठ हलवायची. आमचा दोघींचा मिळून एकच चार्जर होता, तिचा. एक तास तिचा फोन, एक तास माझा. नऊ दिवस. माझ्या बाबांसाठी तिने नाव घेऊन प्रार्थना केली, मी ऐकलंय. आणि नवव्या दिवशी पहाटे आतून बोलावलं ते तिला.

तर ही साक्ष मी कशी देऊ, सांगा ना? देवाने माझं ऐकलं? मग तिचं काय केलं? ती काय चुकीच्या नंबरवर फोन लावत होती? तिचा विश्वास माझ्यापेक्षा कमी होता? माझा तर चौथ्या दिवशीच संपला होता हो, मी प्रार्थनाच करत नव्हते, मी नुसती भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचत बसायचे.

प्रेषितांची कृत्ये 12 काढा. काढाच. तुरुंगातल्या प्रेषित पेत्राची बेडी तुटली, देवदूत आला, लोखंडी दार आपोआप उघडलं, यावर किती संदेश ऐकलेत आपण! त्याच अध्यायाचं दुसरं वचन कोणी वाचतं का? हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारलं. एक वाक्य. संपलं. तोच हेरोद, तीच मंडळी, याकोबही प्रेषितच, प्रभूच्या सगळ्यात जवळच्या तिघांतला. त्याच्यासाठी कोणी देवदूत आला नाही, आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकाने का ते सांगितलेलं नाही. सांगितलेलं नाही! तुम्हाला बरं सगळं माहीत असतं. आणि योहान तर जिवंत होता ना तेव्हा? पेत्र सुटून आल्यावर योहानाच्या खांद्यावर हात ठेवून कोणी म्हणालं असेल का, भाऊ, बघ, देव किती विश्वासू आहे?

तुम्हाला त्या मुलाचं ऐकायचं नाही कारण तुम्हालाच भीती वाटते. माझा विश्वास खचेल म्हणून नाही, तुमचा खचेल म्हणून. म्हणून पटकन एक वचन काढायचं आणि आमच्या तोंडावर झाकणासारखं लावायचं, की विषय बंद, आणि आपण लिफ्टकडे मोकळे. देवाच्या नावावर पळ काढता तुम्ही. स्तोत्र 88 वाचलंय कधी? अंधारातच संपतं ते, शेवटी एकही गोड ओळ नाही, आणि तरी ते 150 स्तोत्रांत ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. पोरंबाळं, घरदार सगळं गमावलेल्या ईयोबाचे ते तीन मित्र तुमच्यापेक्षा बरे हो, निदान सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले त्याच्याशेजारी. बोलायला लागले तेव्हाच सगळं बिघडलं, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही. तुम्हाला सात मिनिटं गप्प बसवत नाही.

मी रविवारी गेले नाही. पुढच्याही जाणार नाही. आणि काका, तुम्हाला साक्षच पाहिजे असेल ना, तर आधी त्या आईला शोधा, हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये नाव असेल, तुमच्या ओळखी आहेत सगळीकडे. जाऊन बसा तिच्याकडे. बायबल पिशवीतच राहू द्या. आणि जाताना माझ्याकडून तिचा चार्जर घेऊन जा, त्या पहाटे माझाच फोन लावलेला होता, तो माझ्याकडेच राहिलाय.