माझ्या भोवऱ्याचं पाणलोट क्षेत्र

मी क्लबहाऊसमध्ये पार्किंगचा फॉर्म द्यायला गेलो होतो. फक्त फॉर्म. हे आधीच सांगून ठेवतो कारण घरी कोणाचाच विश्वास बसत नाहीये. सेक्रेटरी जागेवर नव्हते, त्यांच्या टेबलावर पांढरा कोट घातलेली एक विशी-बाविशीची मुलगी होती, मागे 'मोफत केस व टाळू तपासणी शिबिर' असा बॅनर आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तीसेक माणसं. बायका होत्या, म्हातारे होते, डोक्यात जेल थापलेली कॉलेजची पोरं होती. तिने ह्या सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली आणि दारात उभ्या असलेल्या माझ्यावर आणून थांबवली. "सर, तुमच्यापासूनच सुरुवात करूया ना!"

सगळ्यांनी मागे वळून बघितलं आणि सगळ्यांना ते पटलं. ते पटणं मला जास्त लागलं.

मला स्टुलावर बसवलं, हनुवटी छातीला टेकवायला लावली आणि डोक्यावर पेनासारखा एक कॅमेरा टेकवला. तो पन्नासपट मोठं करून दाखवतो म्हणे. आणि कुठे दाखवतो? तर वर्गणी काढून घेतलेल्या भिंतीवरच्या टीव्हीवर. 19 नोव्हेंबर 2023 ला अख्ख्या सोसायटीने वर्ल्डकपची फायनल हरताना ज्याच्यावर बघितली त्याच टीव्हीवर आता माझा भोवरा, आणि पब्लिकच्या तोंडून निघालेला 'अरेरे' सेम टु सेम. मला मात्र काहीच दिसत नव्हतं. मला दिसत होत्या माझ्या चपला आणि ऐकू येत होती कॉमेंट्री. एक बारका पोरगा म्हणाला, "ई आई, ते पांढरं काय हलतंय?" आई म्हणाली, "हलत नाहीये रे, कॅमेरा हलतोय, ते काकांचंच आहे." कोंडा होता हो. सगळ्यांना असतो.

आणि मग खुर्ची सरकल्याचा तो कर्रर्र आवाज आला आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण आमच्याकडे असा आवाज करून फक्त एकच माणूस उठतो. दुसऱ्या मजल्यावरचे पाटबंधारेवाले काका. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, त्यातली बरीच वर्षं कोयनेकडे, रिटायर होऊनही वीसेक वर्षं झाली असतील पण माणूस अजून साइटवरच आहे. वय ऐंशीच्या आसपास आणि डोक्यावर एवढं घनदाट पांढरंशुभ्र जंगल की टोपी बसत नाही. अंगाला लावतात तोच साबण डोक्याला फासतात. असल्या माणसाला दुसऱ्याच्या केसांवर बोलायची कायद्याने बंदी पाहिजे.

"थांबा थांबा," काका म्हणाले. "बाई, कॅमेरा जरा डावीकडे घ्या. डावा कालवा बघू."

आणि तिने घेतला! बहुतेक इतक्या शिबिरांत पहिल्यांदाच कोणी एवढा इंटरेस्ट दाखवत होतं.

"हं. आता सांगा, ह्यात रोपं किती?"

"सर, ह्याला डेन्सिटी म्हणतात. एका स्क्वेअर सेंटीमीटरमध्ये नॉर्मली दीडशेच्या पुढे पाहिजेत, सरांची इथे साठ आहेत."

"साठ? दीडशेला साठ?" काकांनी तोंडी हिशोब केला. "म्हणजे चाळीस पैसे आणेवारी. पन्नासच्या आत आली की दुष्काळ! रीतसर जाहीर करून टाका."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मी मान वर करायला गेलो तर मुलीने "सर, प्लीज हलू नका" म्हणून परत दाबली.

"आणि हे बघा," काका आता टीव्हीजवळ जाऊन काठीने दाखवत असणार, कारण ठक ठक आवाज येत होता, "इथे एकेका खड्ड्यातून तीन-तीन रोपं निघालीयत आणि पुढे आलो की खड्ड्याला एक, तेही लुळं. हेडला व्यवस्थित आहे, टेलला पाणीच पोचत नाही. हीच तर आपल्या सगळ्या प्रकल्पांची बोंब आहे."

"सर, फॉलिकल्स, म्हणजे केसांची मुळं, झोपलेत," मुलगी म्हणाली. "आपण ते ॲक्टिव्हेट करू."

"झोपलेत की मेलेत? रेकॉर्डला काय लिहायचं?"

इतक्या वेळातला हा एकमेव शहाणा प्रश्न होता आणि त्याला उत्तर मिळालं नाही. मुलीने घाईघाईने कॅमेरा मागे मानेकडे नेला आणि काका एकदम ओरडले, "अरे! इथे तर बारमाही बागायत आहे की! मग हे पुढे का नाही आणत? उपसा सिंचन करा ना!"

"सर, त्याला ट्रान्सप्लांट म्हणतात. त्याचं वेगळं पॅकेज आहे."

"वेगळंच असतं," काका समाधानाने म्हणाले. "उपसा योजनेचं एस्टिमेट नेहमी वेगळंच असतं."

आता काकांचं काय चुकतंय ते मला माहीत होतं, पण हनुवटी छातीला टेकलेली असताना माणूस वाद घालू शकत नाही म्हणून इथे घालतो. पाण्याची टंचाई वगैरे काही नसते हो. डोक्याच्या कातडीत रक्त भरपूर असतं, दाराच्या चौकटीला जरा कपाळ आपटलं की कळतं किती आहे ते. त्यामुळे शीर्षासन, नखावर नखं घासणं (पहिल्या रांगेतली दोन माणसं तेव्हाही घासत होती), कांद्याचा रस चोळणं, ह्या कशानेही माझ्यासारखं टक्कल थांबत नाही. भानगड हार्मोनची आहे. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं एक प्रकरण तयार होतं, आणि ज्यांच्या मुळांना त्याचं वावडं असतं त्यांची मुळं दर फेरीला बारीक होत जातात. एरवी एक केस दोन ते सहा वर्षं महिन्याला सेंटीमीटरभर ह्या वेगाने वाढतो, मग दोन-तीन आठवडे आवराआवर, मग तीनेक महिने निवांत पडून राहतो आणि गळतो आणि त्याच जागी नवा येतो. आमच्या बाबतीत नवा येतो तो आधीच्यापेक्षा बारीक आणि कमी मुदतीचा, असं होत होत शेवटी नुसती लव उरते. मागच्या आणि कानांवरच्या केसांना ह्या डीएचटीचं फारसं काही वाटत नाही, आणि ते उचलून पुढे लावले तरी स्वतःचा मूळ स्वभाव सोडत नाहीत म्हणून तर ट्रान्सप्लांट चालतं. हे वावडं आईकडून पण येतं, बाबांकडून पण येतं. माझ्या दोन्हीकडच्या आजोबांचे फोटो बघितले तर मी कोर्टात जाऊ शकतो.

बरं, ह्यावर रामबाण उपाय नाही असं नाही. हिप्पोक्रेटिस ह्या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावरच्या ग्रंथात लिहिलंय की षंढ केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पुढे 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन नावाच्या माणसाने त्याचा नीट अभ्यास केला तर ते खरं निघालं, वयात यायच्या आधीच ते ऑपरेशन झालेल्यांची कपाळावरची लाइन तसूभर मागे सरकली नव्हती. ह्याच हॅमिल्टनने टकलाच्या पायऱ्या पाडल्या, 1975 मध्ये नॉरवूड नावाच्या डॉक्टरने त्या सुधारून सात केल्या आणि त्या आजही चालतात. मला त्या मुलीने "ग्रेड फोर" असं माईकवर सांगितलं. हॅमिल्टनच्या उपायाचं मात्र एकही पॅकेज त्यांच्या ब्रोशरमध्ये नव्हतं.

ब्रोशरमध्ये काय होतं ते सांगतो. सहा सेशन, वर सिरम फ्री, शॅम्पू फ्री, आणि 'मुळांना आतून पोषण' देणाऱ्या गमी, म्हणजे लहान मुलांच्या जेलीच्या गोळ्या. शॅम्पूत म्हणे व्हिटॅमिन. अरे पण डोक्याच्या बाहेर दिसतो तो केस मेलेला असतो, केराटिन नावाच्या प्रोटीनचा दोरा नुसता, जिवंत जे काही आहे ते कातडीच्या आत. मेलेल्याला व्हिटॅमिन पाजून काय मिळणार? खोबरेल तेल तरी बरं, ते दोऱ्याच्या आत शिरतं, धुताना त्यातलं प्रोटीन कमी झडतं, केस तुटायचे जरा कमी होतात. नवीन उगवत मात्र नाही, हे आमच्या आईसमोर बोलायची माझी अजून हिंमत नाही. आणि कोंडा असताना तेल थापणं म्हणजे तर अजूनच आनंद, कारण तिथे जी बुरशी असते, मालासेझिया, ती तेलावरच जगते. आईने तिला माझ्या लहानपणापासून खाऊपिऊ घातलंय.

पुराव्याने चालणारी औषधं आहेत पण ती मोजून दोन-चार, आणि त्यांच्यात नफा कमी. मिनॉक्सिडिल हे मुळात ब्लडप्रेशरची गोळी होती, पेशंटना नको तिथे केस यायला लागले तेव्हा कंपनीची ट्यूब पेटली, आणि 1988 मध्ये अमेरिकेत ते टकलावर लावायला पास झालं. 1997 मध्ये टकलासाठी फिनास्टेराइड आलं, ते तो डीएचटी बनणंच कमी करतं. पण मिनॉक्सिडिल चालू केलं की सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात, आणि दोन्ही औषधं बंद केली की मिळवलेलं परत जातं. म्हणजे जन्मभराचं लफडं. कुठला पॅकेजवाला हे माईकवर सांगेल?

आणि इथे मला खरंच राग आला. त्या मुलीने मला काहीच विचारलं नाही. केस कधीपासून जातायत, मधे आजारपण झालं का, कुठली गोळी चालू आहे का, थायरॉइड बघितलं का, काही नाही. तिने एकच विचारलं, "सर, ईएमआय की यूपीआय?" पाटबंधारेवाल्या काकांनी तिच्यापेक्षा जास्त चौकशी केली माझ्या डोक्याची. जानेवारी 2025 ची गोष्ट, बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस अचानक हातात यायला लागले, काही दिवसांत टकलं. तिथे पाणी तपासलं, रक्त तपासलं, दिल्लीहून टीम आली, मग डॉ. हिंमतराव बावसकरांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. का गळतायत हे शोधायला लागतं हो. चाई पडली तर ते वेगळं, तिथे शरीराची फौज स्वतःच्याच मुळांवर उलटलेली असते. तापानंतरचं वेगळं. माझं वेगळं. ह्यांच्याकडे सगळ्याला एकच सिरम!

आमच्या सी विंगमधल्या वहिनींचं बघा ना. त्यांना डेंग्यू झाला, बऱ्या झाल्या, आणि दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात गुंतवळच्या गुंतवळ यायला लागलं. मोठ्या तापात असं होतंच. वाढीला लागलेले केस घाबरून एकदम विश्रांतीत जातात, आणि ती विश्रांती संपली की सगळे एकाच वेळी गळतात, बाळंतपणानंतर पण हेच होतं. मुळं शाबूत असतात, पाच-सहा महिन्यांत बहुतेकांचे केस आपोआप परत येतात. पण हे कोणी त्यांना सांगितलं नाही. त्या रडकुंडीला आल्या होत्या, अशाच एका शिबिरात गाठल्या, पॅकेज गळ्यात मारलं. केस आले. येणारच होते! आणि आता ह्याच लोकांच्या स्टँडीवर वहिनींचे आधी-नंतरचे फोटो, माझ्या स्टुलाच्या शेजारी उभे. मी मान खाली घालून बसलो होतो तर त्या स्टँडीवरच्या वहिनी माझ्याकडे हसून बघत होत्या.

सरकारचं अजून एक. उपचारांवर जीएसटी माफ आहे, पण त्या यादीतून हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन वगळलंय, अपघात किंवा जन्मजात दोष असेल तरच सूट. म्हणजे सरकारदरबारी आमचं टक्कल ही चैन आहे. आणि जुने लोक म्हणणार, 'क्वचित् खल्वाट निर्धनः', टकलू माणूस गरीब क्वचितच सापडतो. सापडला ना! फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, आणि आता डोक्याचा हप्ता घे म्हणतायत.

मी पॅकेज घेतलं नाही. फॉर्म पण तसाच खिशात राहिला. घरी येऊन बायकोला काही बोललो नाही, पण गरजच नव्हती, कारण तोपर्यंत काकांनी टीव्हीचा फोटो काढून सोसायटीच्या 'फक्त सूचनांसाठी' ग्रुपवर टाकलेला होता. खाली काहीही न लिहिता. तेव्हा मी माझा भोवरा पहिल्यांदा बघितला. पिवळट, भेगाळलेली जमीन, जागोजागी पोपडे, कुठेकुठे काड्या.

पाच मिनिटांत टॉप फ्लोअरच्या एका गृहस्थांचा मेसेज: "मी तीन वर्षं हेच सांगतोय, पण कमिटी ऐकत नाही. पावसाळ्याआधी काम झालं नाही तर मेंटेनन्स भरणार नाही." मग सेक्रेटरी: "गच्चीचा फोटो पाठवल्याबद्दल धन्यवाद काका. वॉटरप्रूफिंगवाल्याला फॉरवर्ड करतो." मी 'अहो ते' एवढं टाइप करून पुसलं. काय लिहिणार होतो? वॉटरप्रूफिंगवाला तत्पर निघाला, त्याने विचारलं की पोपडे खरवडून केमिकल कोट मारावा लागेल, वॉरंटी दहा वर्षं, एरिया किती आहे?

काकांचं उत्तर आलं: "अंदाजे दीडशे चौरस सेंटीमीटर. परंतु दरवर्षी वाढत आहे, त्यामुळे एस्टिमेट वाढीव क्षेत्र धरून करावे."