साफसफाईचं श्रेय एकट्या वाळवीला नको

‘वाळवी सतत साफसफाई करते म्हणून वारुळातल्या बुरशीच्या बागेत तण माजत नाही’ हे, वाळवी खाण्यासाठी वारुळात बुरशी पिकवते त्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धवट आहे. जिवाणू कुठे गेले? दक्षिण आफ्रिकेतल्या मॅक्रोटर्मिस वाळवीसोबत राहणारा बॅसिलस हा जिवाणू बॅसिलेन नावाचं रसायन बनवतो आणि ते तणबुरशीला, म्हणजे बागेत नको असलेल्या बुरशीला रोखतं, हे २०१३ सालीच प्रसिद्ध झालंय.

आमच्याकडे कोकणात बांध दुरुस्त करताना वारूळ फुटलं. आतला अक्रोडासारखा सुरकुतलेला गड्डा, म्हणजे हीच बुरशीची बाग, मी वाळवी झटकून डब्यात झाकून ठेवला. काही दिवसांत त्यावर काळपट, पांढऱ्या टोकांचे दोरे उभे राहिले. झायलेरिया नावाची तणबुरशीच ती! म्हणजे शत्रू आधीपासून आतच होता, फक्त दबून. आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिस वाळवीबद्दलही लिहा ना, पावसाळ्यातली अळंबी तिच्याच वारुळावर उगवते.