म्हणे ‘नुसती उघडून पाहिली तर काही होत नाही’!

‘झिप किंवा रार फाईल नुसती उघडून आतली यादी पाहिली तर काहीही होत नाही. अँटिव्हायरसने हिरवी खूण दिली की निर्धास्त राहा. पासवर्डवाली फाईल सुरक्षितच असते. जुनं व्हर्जन सोडू नका, व्हायरस अपडेटमधूनच येतात.’ (झिप, रार म्हणजे अनेक फाईली दाबून बांधलेलं गाठोडं.) हा मेसेज फिरत होता, फिरू दे म्हटलं. पण काल सदाशिव पेठेतल्या मावशीने तो मलाच पाठवला, वर ‘उगाच घाबरवतोस’ हा शेरा! मावशी लोकांचे जीएसटीचे हिशेब बघते. बिलांच्या झिप रोज येतात, निम्म्या अनोळखी लोकांकडून.

बहुतेक वेळा आतलं काहीतरी क्लिक केल्यावरच घात होतो, हे कबूल. पण ‘काहीही होत नाही’? यादी दाखवायची तरी प्रोग्रॅमला फाईल वाचावी लागतेच. असे बरेच प्रोग्रॅम सी आणि सी++ या भाषांत लिहिलेले, आणि त्या आपणहून जागा मोजत नाहीत. फाईल म्हणते, शंभर पानं मांडा. प्रोग्रॅम मांडतो. पंगतीला येतात पाचशे. दारात कोणी मोजलं नाही, तर उरलेले चारशे थेट स्वयंपाकघरात घुसतात आणि आचाऱ्याला हुकूम सोडायला लागतात. मेमरीत नेमकं हेच होतं.

आता ती हिरवी खूण. २०१८ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षेतल्या चुका शोधणाऱ्या तुकडीतल्या थॉमस डलीन यांनी मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसमध्येच असं भोक शोधलं. रार उलगडायचा कोड अनरार या प्रोग्रॅममधून घेतलेला. तो घेताना ऋण होऊ शकणाऱ्या संख्या बिनचिन्हाच्या (म्हणजे शून्याखाली जाऊच न शकणाऱ्या) केल्या, त्यामुळे ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ ही तपासणीच निकामी झाली. फाईल उघडायचीही गरज नव्हती. अँटिव्हायरसने ती तपासायला घेतली की पुरे, आणि तो चालतो मशीनवरच्या सर्वोच्च अधिकारात! एप्रिल २०१८ मध्ये ते बुजवलं, पण राखणदारच फुटू शकतो हे तर दिसलं ना?

पासवर्डवाल्या फाईलच्या आत अँटिव्हायरसला डोकावताच येत नाही. भामटे पासवर्ड लावतात तो म्हणूनच.

राहिलं अपडेट. वेबसाइटवर टपकणारं ‘ताबडतोब अपडेट करा’ खोटं असू शकतं, तेवढं खरं. पण मावशी ज्यात झिप-रार उघडते तो सेव्हन-झिप प्रोग्रॅम स्वतःहून अपडेट होत नाही, आणि तिच्याकडे होतं त्याचं २०१६ चं १६.०४ व्हर्जन. रार वाचताना मेमरीत गडबड होण्याची एक गंभीर चूक १८.०५ मध्ये सुधारली, ती मावशीच्या मशीनवर इतकी वर्षं तशीच. काल रात्री जाऊन मूळ साइटवरून नवीन टाकून आलो. सकाळी फोन: ‘माझं जुनं कुठे गेलं रे?’