अंतराळात बिऱ्हाड करताना

पृथ्वीचा कंटाळा आलाय ना? मग जाच एकदाचे वर, उगाच मन मारू नका. फार लांब नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. रस्त्याने मुंबई-गोवा याहून लांब पडतं, शिवाय वाटेत खड्डे. २००० सालच्या नोव्हेंबरपासून तिथे माणसं सलग राहतायत, तेव्हा वास्तुशांतीचाही खर्च वाचला.

आठ दिवसांसाठी निघालात तरी मनाची तयारी नऊ महिन्यांची ठेवा. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४ मध्ये आठवडाभरासाठी म्हणून गेले. गाडी नादुरुस्त निघाली, ती रिकामीच परत पाठवली, आणि हे दोघे दुसऱ्या गाडीने खाली आले मार्च २०२५ मध्ये. २८६ दिवस! एसटीच्या फलाटावर आयुष्य काढलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. सर्गेई क्रिकालेव तर मे १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून वर गेले आणि मार्च १९९२ मध्ये उतरले, तोवर सोव्हिएत संघच शिल्लक नव्हता. त्यांच्या लेनिनग्राडचंही नाव बदललेलं. (गावाचं नाव बदललेलं बघायला आपल्याकडे इतक्या लांब जावं लागत नाही, हा भाग वेगळा.)

चिवडा, फरसाण, पाव इथेच ठेवा. वर चुरा खाली पडत नाही. तरंगतो, डोळ्यांत जातो, यंत्रांत शिरतो. १९६५ मध्ये जॉन यंग यांनी जेमिनी-३ यानात खिशातून चोरून सँडविच नेलं. एक-दोन घासांतच तुकडे उडायला लागले, म्हणून ते परत खिशात गेलं. पुढे अमेरिकी लोकप्रतिनिधींनी त्यावरून जाब विचारला. १९८५ मध्ये मेक्सिकोच्या रोडोल्फो नेरी वेला यांनी टॉर्टिया नेल्या, म्हणजे आपल्या पोळीची मावसबहीण, आणि पावाची सद्दी संपली. शुभांशू शुक्ला यांनी २०२५ मध्ये गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. वाटी मात्र मागू नका. वाटीत काही राहत नाही.

आता मुख्य विषय. गुरुत्वाकर्षण हा आपला बिनपगारी गडी. तो काय काय करत होता, हे पहिल्या दिवशी सकाळी कळतं. वरच्या संडासात सगळं काम पंख्याच्या ओढीवर चालतं. अमेरिकेच्या स्पेस शटल यानांच्या काळात बैठकीचं भोक जेमतेम चार इंचांचं होतं आणि नेम बसावा म्हणून जमिनीवर सराव करावा लागे, तोही बैठकीखाली कॅमेरा लावून, समोरच्या पडद्यावर स्वतःचीच बाजू बघत. त्याआधीच्या मंडळींना तेवढंही सुख नव्हतं, नुसत्या चिकटपट्टीच्या पिशव्या. मे १९६९ मध्ये, अपोलो-१० चंद्राकडे गेलेलं असताना, यानात एक ऐवज हवेत तरंगताना दिसला. यानाचे कप्तान स्टॅफर्ड यांनी घाईघाईने कागदी रुमाल मागितला. ‘माझं नाही’ म्हणून तिघांनीही हात झटकले आणि हा संवाद नासाच्या अधिकृत दप्तरात नोंदला गेला. चाळीत वाढलेल्यांना वातावरण अगदी घरचं वाटेल.

पाण्याची चिंता नको, टँकर मागवावा लागत नाही. तुमचा घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गाळून पुन्हा नळाला येतं. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं. सकाळची कॉफी उद्याही तीच, फक्त मधे फिरून आलेली. हे पाणी जमिनीवरच्या बऱ्याच नळांपेक्षा शुद्ध असतं म्हणतात. ‘आमच्याकडे बोअरिंगचं आहे’ ही तुमची बढाई तिथे चालायची नाही.

तब्येत सुधारतेच. रक्त वर चढून चेहरा गुबगुबीत होतो, पाय काटकुळे होतात, उंची थोडी वाढते. हाडं मात्र महिन्याला एक-दीड टक्का झिजतात, म्हणून रोज दोन तास व्यायाम, तोही पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलला जखडून. घाम ओघळत नाही, अंगावरच जाड थर होऊन बसतो. आंघोळ नाहीच, ओल्या फडक्याने पुसायचं. तळव्यांची कातडी सोलून निघते, तेव्हा मोजे जपून काढा, नाहीतर शेजारच्याच्या जेवणात तुमचे पापुद्रे.

दीड तासात पृथ्वीची फेरी होते, त्यामुळे दिवसाला सोळा सूर्योदय. चंद्रही त्याच घाईत उगवतो. संकष्टी धरणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आणि धुण्याचं काय? काही नाही. धुणं नसतंच. मळलेले कपडे कचऱ्याबरोबर मालवाहू यानात कोंबतात आणि ते यान वातावरणात जाळून टाकतात, बहुधा पॅसिफिकवर. तिथल्या एखाद्या बोटीवरच्या खलाशाने आकाशात तारा तुटताना बघून भक्तिभावाने हात जोडले, तर खुशाल समजा, तो तुमचा गेल्या आठवड्याचा गंजीफ्रॉक.