पूर्ण भाव म्हणजे किती? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप मी असा समजतो: रोगनिर्मूलनासाठी मारलेल्या गुरांची भरपाई करदात्यांनी का द्यायची? दुकानदाराचा माल सडला तर त्याला कोणी विचारत नाही, मग पशुपालकाचेच लाड कशाला? त्याने विमा काढावा. आणि पूर्ण भाव मिळणार म्हटल्यावर गोठ्याची काळजी घेईल कोण?

दुकानदाराचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्याचा माल सडलेलाच असतो. निर्मूलनात मारली जाणारी पुष्कळ जनावरं चांगली चालती-फिरती, दूध देणारी असतात. चाचणीत अडकली किंवा बाधित कळपात होती, एवढंच कारण. सरकार ती मारतं आणि त्याचा फायदा आसपासच्या सगळ्या कळपांना होतो. ज्याचा गोठा रिकामा झाला, खर्चही त्यानेच सोसावा, हे मला पटत नाही. पण न्यायाचं राहू द्या, तुम्ही हिशोबाचं बोलताय तर हिशोबच करू.

साथीच्या सुरुवातीला रोग सगळ्यांत आधी दिसतो तो रोज धार काढणाऱ्याला. पशुवैद्य नंतर येतो, प्रयोगशाळेचा अहवाल त्याहून नंतर. कळवलं तर कळप जातो. गप्प बसलं तर मलूल दिसणारं जनावर बाजारात काढता येतं, आणि रोगही त्याच्याबरोबर बाजारात जातो. भरपाईचा पैसा खर्च होतो तो हे गप्प बसणं टाळण्यासाठी. हे १७१४ मध्येही कळलं होतं. लंडनच्या आसपास बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ आली तेव्हा राजाचे शल्यवैद्य थॉमस बेट्स यांनी आजारी गाई जाळायला लावल्या आणि मालकाला गाईमागे ४० शिलिंग देवविले. काही महिन्यांत साथ आटोपली.

हात आखडला की काय होतं, तेही पाहा. ब्रिटनमध्ये १९८८ साली 'मॅड काऊ' रोग झालेल्या गाईसाठी निम्मीच किंमत द्यायचं ठरलं. याने लोक रोग लपवतील, अशी टीका झाली आणि १९९० च्या फेब्रुवारीत भरपाई पूर्ण करावी लागली. अमेरिकेत आयोवा राज्यात १९३१ मध्ये गाईंच्या क्षयरोग चाचणीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले. चाचणीवर विश्वास नव्हता, भरपाई तुटपुंजी होती. शेवटी गव्हर्नरला सैनिक पाठवावे लागले. सैनिकांच्या पहाऱ्यात पशुवैद्याने गाईंना सुया टोचायच्या, हा मार्ग स्वस्त म्हणायचा का?

विम्याचं म्हणाल, तर सरकारी आदेशाने झालेली कत्तल बहुतेक पॉलिसींच्या बाहेरच असते. एका साथीत हजारो दावे एकदम येतात, विमा कंपनी ते अंगावर घेत नाही. पण सगळा भार करदात्यावर नको, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्यावर उपायही आहेत. जर्मनीत पशुपालकांकडून सक्तीची वर्गणी घेऊन पशुरोग निधी चालवला जातो. न्यूझीलंडने २०१८ मध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा गुरांचा रोग समूळ काढायचं ठरवलं, तेव्हा खर्चाचा ६८ टक्के वाटा सरकारने आणि ३२ टक्के दूध-मांस उत्पादकांच्या संघटनांनी उचलला.

निष्काळजीपणाबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. बाजारभावापेक्षा जास्त पैसे मिळाले तर काळजी सुटते. म्हणून मूल्यांकन चोख हवं, आणि कळवायला उशीर करणाऱ्याची, चोरून जनावरं हलवणाऱ्याची रक्कम कापली जावी. न्यूझीलंडच्या जैवसुरक्षा कायद्यात नियम मोडणाऱ्याला भरपाई नाकारता येते. तोच कायदा निर्बंधांमुळे झालेलं, पुराव्याने दाखवता येणारं नुकसानही भरून देतो. हा दुसरा भाग बहुतेक देशांत नाहीच. (आणि तिथेही दावे इतके रेंगाळले की शेतकरी मेटाकुटीला आले. उशिरा आलेल्या पैशाचं ऐकून पुढचा शेतकरी फोन करत नाही, हे खात्यांना कधी उमगेल कोण जाणे.)

तुम्हाला भरपाई जास्त वाटते, मला बहुतेक ठिकाणी ती अपुरी वाटते. बोट्स्वानाच्या एन्गामीलँड भागात १९९५-९६ मध्ये गुरांच्या सांसर्गिक फुफ्फुसरोगाची साथ आली आणि तिथली जवळपास सगळी, म्हणजे सुमारे ३ लाख २० हजार गुरं मारली गेली. रोग गेला. काहींना रोख मिळाली, काहींना बदली गुरं. पण तोवर घरातलं दूध गेलं होतं आणि नांगराला बैल नव्हते. मेलेल्या जनावराचा भाव ठरवता येतो. पण नवा कळप जमवून तो दुधावर येईपर्यंत जे महिने जातात, ते कुठल्या रकान्यात लिहायचे? तुम्ही 'पूर्ण भाव' म्हणता, त्यात हे महिने धरले आहेत का, तेवढं सांगा. मग पुढचं बोलू.