इम्प्लांटचा धातू लिहून मागा
दातांच्या इम्प्लांटवरच्या लेखात म्हटल्याप्रमाणे, दाताच्या जागी जबड्यात बसवलेल्या या स्क्रूमधून धातूचे कण सुटतात, हे खरं. पण म्हणून घाबरून कुणी बसवलेलं काढायला धावू नये. इम्प्लांटच्या टायटॅनियम धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच धातूला राखतो. तोंडातल्या आम्लात फ्लोराइड मिसळलं किंवा पोलादी टोकाच्या स्केलरने (दात साफ करायच्या अवजाराने) खरवडलं की तो थर बिघडतो, कण हिरडीत उतरतात आणि सूज वाढू शकते. आमच्या खानापूरच्या आत्याची इम्प्लांटजवळची हिरडी दाबली की पू यायचा. बेळगावात दाखवलं तर पहिला प्रश्न, स्क्रू कसला? जवळचा कागद कन्नड-इंग्रजीत, तिला वाचताच येईना, आणि धातूचं नाव त्यातही नव्हतं! शुद्ध टायटॅनियम की ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमवालं मिश्रण, हे बसवतानाच लिहून घ्या. सीमाभागातल्या दवाखान्यांनी ते मराठीतही द्यावं.